संप घेताय? आधी लाईट घालवून बघा

सोलापुरात संप म्हटलं की जुन्या माणसांना गिरण्या आठवतात आणि घर बांधणाऱ्यांना अंगणाखालचा हौद. इथला विषय तिसराच आहे: फिश टँकच्या स्टँडमध्ये, टँकच्या पोटाखाली बसणारी पेटी. टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोवरून आपल्या वजनानं खाली उतरतं, गाळणी आणि मीडियातून (ज्यावर पाणी साफ करणारे जीवाणू वाढतात) जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर ढकलतो. यंत्र म्हणावं असं त्यात पंपाशिवाय काहीच नाही. तरी घेताना माणसं मीडियाच्या ब्रँडवर तासभर बोलतात आणि लाईट गेल्यावर हे पाणी कुठं जाणार, हे विचारायचं विसरतात.

बाजारात चार पर्याय दिसतात. स्टँडच्या मापानं काच कापून जोडून घेतलेला संप, ऑनलाइन येणारा तयार ॲक्रिलिकचा संप, प्लॅस्टिकच्या क्रेट किंवा टबमध्ये घरी केलेला संप, आणि टँकच्या डोक्यावर बसणारा ट्रेंचा टॉप फिल्टर. निकाल आधीच सांगून टाकतो. चार फुटी आणि त्याहून मोठ्या टँकला मापानं बनवलेला काचेचा संप घ्या. तीन फुटांपर्यंत संपाच्या नादी लागू नका, टॉप फिल्टर किंवा कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) पुरतो. ॲक्रिलिक देखणा असतो, पण त्याची मापं दुसऱ्याच कामासाठी ठरलेली असतात. टबचा संप गच्चीवरच्या किंवा ब्रीडिंगच्या टँकला ठीक आहे, हॉलमध्ये नको.

हिशेबासाठी सगळीकडे दिसणारा टँक धरू: ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे ९ घनफूट, साधारण २५५ लिटर. त्याखाली ३६ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच असा संप सहज बसतो. काठोकाठ भरला तर तो १०६ लिटरचा. पण संप कधीच काठोकाठ भरायचा नसतो, आणि खरी मेख तिथंच आहे.

लाईट गेली की पंप थांबतो. ओव्हरफ्लोच्या काठावरून वाहणारा पाण्याचा थर खाली उतरतो, पाइपातलं पाणी उतरतं. शिवाय रिटर्न पाइपचं, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणाऱ्या पाइपचं, तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर तोच पाइप उलटा सायफन होऊन टँक उपसायला लागतो. तोंड उघडं पडून हवा खेचेपर्यंत तो थांबत नाही. या टँकमध्ये १ इंच पाणी म्हणजे १४ लिटर. तोंड २ इंच खोल असेल तर २८ लिटर, काठावरचा अर्धा इंच थर म्हणजे ७ लिटर, पाइपांतलं २-३ लिटर. एकूण ३८ लिटर खाली येणार. संपातलं पाणी ९ इंचांवर चालत असेल तर वर ६ इंच मोकळे आहेत, म्हणजे ४२ लिटर. काचेची जाडी आणि पडद्यांची जागा सोडली की जेमतेम मावतं. आता ‘जास्त पाणी म्हणजे जास्त फिल्टर’ म्हणून तोच संप ११ इंचांवर चालवा. मोकळी जागा उरते २८ लिटरची, आणि दहा लिटर फरशीवर. स्टँड प्लायवूडचा असेल तर तोही फुगला.

उपाय स्वस्त आहे. रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या इंचापेक्षा खोल ठेवू नका. मग एकूण १७ लिटरच्या आसपासच खाली येतं. वर आणखी एक काळजी: त्याच पाइपला पातळीच्या जेमतेम खाली ४-५ मिमीचं भोक पाडा, टँकच्या आतल्या बाजूला तोंड करून, नाहीतर पिचकारी झाकणावर उडते. पातळी उतरली की भोकातून हवा जाते आणि सायफन तुटतो. या भोकात शेवाळ धरतं, म्हणून पंधरा दिवसांनी त्यात टूथपिक फिरवायचीच. दुकानदार याऐवजी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सुचवतो. बसवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. झडपेत गोगलगाईचं पिलू किंवा स्पंजचा तुकडा अडकला की ती अर्धी उघडीच राहते.

दुसरा धोका उलट्या दिशेचा. खाली येणारा पाइप तुंबला तर पंप रिटर्न कप्प्यातलं पाणी वर टाकत राहतो. ११ बाय १२ इंचांच्या कप्प्यात ७ इंच पाणी उपसण्याजोगं असेल तर ते १५ लिटर होतं. टँकची पातळी त्यानं इंचभर चढणार. म्हणून टँक काठाखाली किमान दीड इंच ठेवूनच चालवायचा. काठोकाठ भरलेला टँक फोटोत छान दिसतो, संपावर चालणाऱ्याला तो चैनीचा आहे.

आता ओव्हरफ्लो. टँक नवीन बनवून घेत असाल तर भोक पाडूनच घ्या, दोन भोकं. एक चालू ड्रेन, दुसरा थोडा उंच उभा केलेला इमर्जन्सी पाइप, ज्यात एरवी थेंबही जाऊ नये. दीड इंची पाइप उघड्या उताऱ्यानं तासाला साधारण २८०० लिटर नेतो, एक इंची ११०० च्या आसपास. आपल्या टँकला तासाला बाराशे ते पंधराशे लिटर फिरवायचेत, तेव्हा एक इंची कमीच पडतो. दीड इंचीच घ्या. भोक पाडण्याआधी टँक निपल (भोकात बसवून पाइप जोडायचा तुकडा) विकत आणा आणि त्याच्या मापानं डायमंड बिट लावायला सांगा. कंपनी बदलली की निपलचा बाहेरचा व्यास बदलतो. भोकाचा काठ आणि काचेची कड यांत भोकाच्या व्यासाएवढं अंतर सोडा. टफन्ड काचेला भोक पडत नाही, ती जागेवर चुरा होते. निपलचा रबरी वॉशर टँकच्या आतल्या बाजूला, फ्लँजखाली येतो. नट बाहेर, हातानं घट्ट आणि वर पाव फेरा. पान्यानं आवळाल तर काच तडकेल.

जुन्या टँकला भोक न पाडता काठावर टांगायचे सायफन बॉक्स मिळतात, पीव्हीसीचे जुगाडही करता येतात. या शहरात ते घेऊ नयेत, हे स्पष्टच लिहायला हवं. लाईट गेली, आली, पुन्हा गेली, असं तीनदा झालं की वाकड्या नळीत हवा साचते आणि एखाद्या वेळी सायफन पुन्हा धरत नाही. पंप मात्र इमानदारीत सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं सुटलं की लाईटचा हाच खेळ चालतो, आणि घरात कोणी नसतं ती वेळही तीच असते. भोक पाडणं शक्य नसेल तर कॅनिस्टर घ्या. साफ करायला किचकट आहे, पण बंद डबा असल्यानं घरात असा पूर येत नाही.

ड्रेनचा आवाज हा घरोघरचा तक्रारीचा मुद्दा. उभ्या पाइपला वरून एल्बो किंवा टी लावून तोंड खाली वळवा, वरच्या टोपीला एक बारीक भोक द्या. भोक लहान असेल तर पाणी उचक्या देत जातं, मोठं असेल तर गुरगुरतं. ड्रिलचं एकेक माप चढवत जुळवायचं. संपात उतरणारं टोक पाण्यात एक इंचच बुडवा. खोल बुडवलं की हवा अडकते आणि बुडबुड्यांचे ढेकर येतात. पूर्ण शांतता हवी असेल तर चालू ड्रेनवर गेट व्हॉल्व्ह बसवून तो पूर्ण सायफनवर चालवतात, पण तेव्हा इमर्जन्सी पाइप हवाच हवा.

पेटीच्या आतली मांडणी

३६ इंचांची वाटणी अशी करा: पाणी पडतं तो सॉकचा (गाळणीच्या कापडी पिशवीचा) कप्पा ८ इंच, मीडिया १४, बुडबुडे अडवणारे तीन पडदे मिळून ३, रिटर्न ११. पडदे ५ मिमी काचेचे. पाणी एकावरून जातं, पुढच्याच्या खालून, आणि तिसऱ्यावरून परत. खालची फट इंचभर ठेवा, त्याहून कमी केली की गाळानं बुजते. सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं साधं, बुरशीनाशक न घातलेलं घ्या. बाथरूमसाठीच्या ट्यूबमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना चालत नाही. जोडल्यावर पाच-सात दिवस सुकू द्या, मग पाणी भरून दोन दिवस ठेवा. गळती शोधायला खाली वर्तमानपत्र अंथरा. गाव टॉवेलचं असलं तरी टॉवेल नको. तो पाणी पिऊन गप्प बसतो, कागद एका थेंबानं बोलतो.

रिटर्न कप्पा ११ इंचांचा का, हे सोलापूरच्या उन्हाळ्यात कळतं. संपाच्या टँकमध्ये पाणी उडालं की वरची पातळी हलत नाही, मीडियाचीही हलत नाही. सगळी घट एकट्या रिटर्न कप्प्यात दिसते. उघडा टँक, उघडा संप आणि वर पंखा, तर रोज पाच लिटर उडतात असं धरा. बऱ्याच तयार संपांत हा कप्पा ६ इंचांचा असतो. पाच लिटरनं त्यातली पातळी चार इंचांहून जास्त उतरते, आणि संध्याकाळपर्यंत पंप हवा ओढून किंचाळायला लागतो. ११ इंचांच्या कप्प्यात तीच घट सव्वादोन इंचांची. तरीही चार दिवस गावाला गेलात तर पुरणार नाही. दहा-वीस लिटरचा कॅन उंचावर ठेवून बारीक नळीनं फ्लोट व्हॉल्व्ह जोडा. मात्र तो गच्चीवरच्या टाकीला थेट जोडू नका. फ्लोट अडकला तर कॅन वीस लिटर सांडेल, टाकी हजार लिटर, आणि तेही क्लोरीनसकट.

भर घालताना बोअरचं पाणी वापरू नका. पाणी उडतं, क्षार मागंच राहतात. वरून बोअरचं घातलं की महिनाभरात टीडीएस कुठल्या कुठं जातो. भर घालायला घरच्या आरओचं पाणी घ्या, पाणी बदलताना नळाचं किंवा बोअरचं. शहराच्या बऱ्याच भागात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा ५०-६० लिटरचा एक वेगळा ड्रम टँकसाठी भरून ठेवणं आलंच. त्यात क्लोरीन मारणारं औषध घालून रात्रभर हवा सोडली की पाणी तयार. संप असल्याचा फायदा इथं दिसतो: पंप बंद करा, खालचंच ५०-६० लिटर उपसा, नवीन भरा, पंप सुरू. वरच्या माशांना पत्ताही लागत नाही.

पंखा संपावरच लावा. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळं बाष्पीभवनानं पाणी दोन-चार अंशांनी थंड होतं आणि बहुतेक माशांना चिलरची गरज पडत नाही. जून-जुलैत हवा दमट झाली की पंख्याचा असर घटतो. हिवाळ्यात हीटर लावलात तर तो मीडियाच्या कप्प्यात, रिटर्नमध्ये कधीच नाही. रिटर्नची पातळी उतरली, हीटर उघडा पडला आणि मग वरून गार पाणी आलं की काच फुटते.

मीडियाबद्दल थोडक्यात. दुकानात सगळा कप्पा महागड्या मीडियानं भरायला सांगतात. सीचेमच्या मॅट्रिक्सचा कंपनीचाच हिशेब १०० लिटरला २५० मिलि आहे. २५५ लिटरला साडेसहाशे मिलि झाले. पंचवीस लिटरचा कप्पा त्यानं भरणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः. सिरॅमिक रिंग किंवा लाव्हा रॉक दहा-बारा लिटर, जाळीच्या पिशव्यांत, तळापासून दोन इंच वर जाळीवर ठेवा, म्हणजे खालचा गाळ उपसता येतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, गोल्डफिश यांसारखी खादाड मंडळी असतील तर के१ चा हलता मीडिया (प्लॅस्टिकची बारीक नळकांडी) उत्तम: कप्प्याच्या निम्मा, साधारण १२ लिटर, खाली एअर स्टोन. नवा के१ तरंगतो आणि एका कोपऱ्यात जमतो, त्यावरून माल खराब निघाला असं समजू नका. अंगावर जीवाणूंचा थर बसला की तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप घुमायला लागतो. पडद्याला जाळी मात्र हवी, नाहीतर ती सगळी नळकांडी पंपात. कोणताही मीडिया घेतला तरी टँक बसायला, म्हणजे जीवाणू पुरेसे वाढायला, चार ते सहा आठवडे लागतातच. आपलं पाणी जड, पीएच चढा, आणि चढ्या पीएचला अमोनिया जास्त विषारी, म्हणून त्या काळात मासे मोजकेच ठेवा.

सॉक की स्पंज? दोनशे मायक्रॉनचा सॉक पाणी चकाचक करतो, पण गोल्डफिशच्या टँकमध्ये तीन-चार दिवसांत तुंबतो आणि पाणी काठावरून न गाळताच पुढं जातं. दोन सॉक ठेवा, एक धुवून उन्हात. रोज धुण्याइतकं पाणी नसलेल्या घरात जाड काळा स्पंज आणि वर पांढऱ्या फिल्टर कापसाचा थर हे जास्त व्यवहारी. स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा, कापूस टाकून द्यायचा.

मनीप्लांट संपात लावायची पद्धत चांगली आहे, नायट्रेट कमी राहतं. मुळांवरची माती पूर्ण धुवा आणि रोप जाळीच्या टोपलीत ठेवा. चार महिन्यांत मुळं पडद्याखालून पंपापर्यंत पोचतात.

तयार ॲक्रिलिकचं काय

काम सफाईदार असतं, सॉकची खाच, पडद्यांच्या खोबणी, पाइपांची भोकं सगळं आखीव. पण हे डिझाइन बहुतेक वेळा खाऱ्या पाण्याच्या टँकसाठीचं असतं. मधला सगळ्यात मोठा कप्पा प्रोटीन स्किमरसाठी, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण उचलणाऱ्या यंत्रासाठी. गोड्या पाण्यात स्किमरला फेस धरत नाही, म्हणजे ती जागा तुम्हाला नव्यानं वापरात आणावी लागणार. के१ तिथं छान बसतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. लांबी बऱ्याचदा २४ इंच, मोकळी जागा कमी, रिटर्न अरुंद. पातळ पत्रा असेल तर लांब बाजू पोटासारखी बाहेर येते. खारा टँक करणाऱ्यानं जरूर घ्यावा. गोड्या पाण्याच्या चार फुटीला त्यात जास्तीचे पैसे दिसण्याचे आहेत.

टबच्या संपाची अडचण वेगळी. त्या प्लॅस्टिकला सिलिकॉन धरत नाही, त्यामुळं पडदे टिकत नाहीत, आणि पाणी भरल्यावर बाजू फुगतात. बादलीत बादली बसवून किंवा दोन क्रेट टँक निपलनं जोडून काम चालतं.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. ‘मालक, पंधराशेचा पंप आहे, भरपूर झाला’ असं कोणी म्हटलं तर खोक्यावरचा एच-मॅक्स, म्हणजे पंप जास्तीत जास्त किती उंच पाणी चढवतो तो आकडा, बघा. संपातल्या पाण्यापासून टँकच्या काठापर्यंत सव्वातीन-साडेतीन फूट चढ, वर दोन-तीन एल्बो. एच-मॅक्स अडीच मीटर असलेला पंप इथं जेमतेम निम्मं पाणी देतो. तेव्हा अडीच ते तीन हजार लिटरचा घ्या आणि पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक करू नका. एसी पंप ५० वॅटचा धरला तर महिन्याला ३६ युनिट, २२ वॅटचा डीसी १६ युनिट. डीसी महाग पडतो, पण वेग कमी-जास्त होतो आणि इन्व्हर्टरवर रात्र निघते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप घरघरतो आणि तापतो. साइन वेव्ह असेल तरच तो जोडा. वायर प्लगपाशी जाण्याआधी खाली झोल देऊन वर न्या, बोर्ड जमिनीवर नको, आणि लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच.

स्टँडकडे बघायचं राहतं. पाणी, काच, रेती मिळून साडेतीनशे किलोच्या घरात जातं, तेव्हा लोखंडी चौकोनी पाइपचा घ्या. संप दारातून आत-बाहेर जातो का हे टँक चढवण्याआधी बघा. मधला खांब आडवा येणारे स्टँड कितीतरी दिसतात. सॉक उपसायला संपावर दहा-बारा इंच मोकळे हवेत.

बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याच्यासमोर ही चाचणी करा. पंप चालू ठेवून पाणी स्थिरावू द्या, संपावर मार्करनं रेघ मारा. मेन स्विच बंद करा, दहा मिनिटं थांबा, दुसरी रेघ. ती काठाखाली निदान दोन इंच हवी. स्विच चालू. असं तीनदा, तिसऱ्या वेळी लागोपाठ बंद-चालू. मग ड्रेनच्या तोंडावर तळहात ठेवा आणि इमर्जन्सी पाइप एकटा पाणी पेलतो का बघा. पहिली रेघ पुसू नका. पंप चालू असताना पाणी तिच्यावर कधीच जाऊ द्यायचं नाही.

बोअरचं पाणी असेल तर आणखी एक काम महिन्याचं. पंपाच्या इंपेलरवर पांढरा क्षार बसतो. चालू असताना कळत नाही, लाईट जाऊन आली की पंप नुसता गुंगगुंग करतो, फिरत नाही. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर घाला, इंपेलर अर्धा तास भिजवा, जुन्या ब्रशनं घासा. दांडी बहुधा सिरॅमिकची असते, वाकवाल तर मोडेल.